त्वचेची पत्रे : प्रकाशाने चेहरा तरुण होतो का?

नवरात्र संपत आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. पावसाळ्यातले नायटे आणि चिखल्या मागे पडतात, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची चाहूल लागते आणि माणसे आरशासमोर नेहमीपेक्षा अधिक वेळ उभी राहू लागतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे लेझर, ‘फोटो फेशियल’ आणि घरी वापरायच्या दिव्यांच्या मुखवट्यांविषयी आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. जागेअभावी पत्रे थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : मी ५२ वर्षांची असून शाळेत शिक्षिका आहे. चार-पाच वर्षांपासून दोन्ही गालांवर आणि कपाळावर तपकिरी डाग आहेत, आता डोळ्यांभोवती सुरकुत्याही दिसू लागल्या आहेत. मुलीचे लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. शहरातील एका केंद्रात मला आयपीएलच्या (‘इंटेन्स पल्स्ड लाइट’, म्हणजेच ‘फोटो फेशियल’) सहा बैठका सुचवल्या आहेत. अमेरिकेतल्या माझ्या जाऊबाईंनी हाच उपचार घेतला आणि त्यांचा चेहरा खरोखर स्वच्छ झाला. त्या मुळात अगदी गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या आहेत, मी सावळी. मी हा उपचार घ्यावा का?
— एक वाचिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, लग्नाआधी हा उपचार घेऊ नका, असे स्पष्टच सांगते; कारण सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. लेझरमधून एकाच तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. आयपीएलच्या यंत्रात झेनॉन वायूचा दिवा असतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा थोरला भाऊ म्हणा हवे तर, आणि त्याच्या लखलखाटातील साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश गाळण्यांतून गाळून त्वचेवर सोडला जातो. यामागचे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडले. प्रत्येक रंगद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषते, आणि प्रकाशाचा झटका पुरेसा आखूड ठेवला तर शोषलेली उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत नेमके ते लक्ष्यच भाजून निघते. उन्हाने पडलेल्या डागातील मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारे द्रव्य, असे तापले की तो डाग आधी गडद होतो आणि आठवडा-दहा दिवसांत कॉफीच्या चुऱ्यासारखा गळून पडतो. चेहऱ्यावरच्या बारीक लाल रक्तवाहिन्या त्यांच्यातील हिमोग्लोबिन तापल्याने मिटतात, आणि खालच्या थराला मिळालेल्या उष्णतेमुळे थोडे नवे कोलॅजनही, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारे तंतूही, तयार होते. तुमच्या जाऊबाईंना झालेला फायदा खरा आहे, त्यात अतिशयोक्ती नाही.

अडचण अशी की डागातील मेलॅनिन कोणते आणि कातडीच्या मूळ रंगातील कोणते, हे प्रकाशाला ओळखता येत नाही. गोऱ्या कातडीवर डाग एकटाच उठून दिसतो आणि उष्णता त्यालाच मिळते. सावळ्या कातडीत सगळीकडेच मेलॅनिन असल्यामुळे त्या उष्णतेचा मोठा वाटा वरचा थर स्वतःच गिळतो. उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिचे सहा प्रकार (पहिला सर्वांत गोरा, सहावा सर्वांत काळा) पाडण्याची, थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी घालून दिलेली पद्धत आम्ही वापरतो. तुमच्या जाऊबाई बहुधा तिसऱ्या प्रकारात येतील, तुम्ही चौथ्या किंवा पाचव्या. पाचव्या प्रकारावर आयपीएल वापरताना चौकोनी भाजल्याचे व्रण उठलेले मी पाहिले आहेत. यंत्राच्या तोंडाचा आकार जसाच्या तसा गालावर उमटतो आणि तो पुसट व्हायला कित्येक महिने लागतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दोन्ही गालांवर आणि कपाळावर सारखेच पसरलेले तपकिरी डाग म्हणजे बहुतेक वेळा वांग असतो, जाऊबाईंचे उन्हाचे सुटे ठिपके नव्हेत. वांगात नुसता रंग साठलेला नसतो. रंग तयार करणाऱ्या पेशीच चेतलेल्या असतात, आणि त्यांना उष्णता देणे म्हणजे राखेखालच्या निखाऱ्यावर फुंकर घालणे होय. पहिल्या दोन बैठकांनंतर चेहरा उजळल्यासारखा वाटतो, बाई खूश होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डाग पहिल्यापेक्षा गडद होऊन परततात. तुमच्या बाबतीत तो महिना नेमका लग्नाच्या सुमारास येण्याची शक्यता आहे.

वांगासाठी आजपासून करण्यासारखे पुष्कळ आहे. रंगछटा असलेले, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन सकाळी लावा आणि दुपारी पुन्हा लावा. साधे पांढरे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, परंतु सावळ्या त्वचेत वांग गडद करणारा डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यातून बराचसा आत जातो. आयर्न ऑक्साइड तोही अडवते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीइतक्या दोन रेघा चेहरा आणि मानेला लागतात. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत. ॲझेलिक ॲसिड किंवा रात्री लावायचे ट्रेटिनॉइन यांपैकी काय वापरायचे ते त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवून ठरवा. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारे, गोरे करणारे म्हणून ओळखले जाणारे तिहेरी मिश्रणाचे मलम मात्र घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असते. दोन आठवडे चेहरा लखलखतो, पुढे कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते, आणि मलम सोडले की चेहरा पेटतो. असे बिघडलेले चेहरे मला आयपीएलने भाजलेल्या चेहऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक पाहावे लागतात.

सुरकुत्यांबद्दल दोन वाक्ये. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, त्यामुळे तुमच्या वयात हा बदल अचानक झाल्यासारखा भासतो. आयपीएलने त्वचेचा पोत थोडा सुधारतो, डोळ्यांच्या कडेच्या ठळक रेघा त्याने जात नाहीत. लग्न होऊ द्या, वांग शांत होऊ द्या, मग सुरकुत्यांचे पाहू.

प्रश्न : माझे वय ४७. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. पंचवीस वर्षे बागेत आणि ट्रॅक्टरवर काढली. मान आणि गाल चामड्यासारखे राठ झाले असून मानेवर चौकटीसारख्या खोल रेघा आहेत. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही आजोबांपेक्षा म्हातारे दिसता. फ्रॅक्शनल लेझरविषयी ऐकले आहे. पुरुषाने असे काही करून घेणे बरे दिसते का आणि त्याचा उपयोग होतो का?
— एक बागाईतदार

उत्तर : दादा, बरे दिसण्याचा प्रश्न तुमच्या मुलानेच सोडवला आहे, तेव्हा उपयोगाचे पाहू.

मुलाचे आजोबा, म्हणजे तुमचे वडील, बहुधा डोक्याला पागोटे आणि खांद्यावर उपरणे घेऊन शेतात जात असतील; तुमच्या पिढीने उघड्या मानेने ट्रॅक्टर चालवला. वयाने येणारा सैलपणा वेगळा आणि उन्हाने येणारा राठपणा वेगळा. शर्टाआड राहिलेली स्वतःच्या पोटाची कातडी मानेच्या कातडीशेजारी धरून पाहिलीत, तर त्यातले वयाचे किती आणि उन्हाचे किती हे आपोआप कळेल. लांब तरंगलांबीचे अतिनील किरण, ज्यांना यूव्हीए म्हणतात, ते त्वचेत खोलवर उतरून कोलॅजन आणि लवचीक तंतूंची मोडतोड करतात; ढगांतून आणि काचेतूनही ते येतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र आले होते. २८ वर्षे दूध पोहोचवणाऱ्या या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा वीसेक वर्षांनी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या जुन्या चालकांचा उजवा गाल एकदा निरखून पाहा.

आता लेझरकडे वळते. सुरकुत्यांवर वापरले जाणारे सर्वांत प्रभावी लेझर म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, आणि त्याचा जनक आपल्याच मातीतला आहे : बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ते बनवले. त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण रंग पाहत नाही, पाणी पाहतो. कातडीतील पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेवढा थर उडून जातो. पूर्वी या लेझरने चेहऱ्याचा सगळा वरचा थर सोलून काढीत, सुरकुत्या झकास जात, परंतु जखम दोन-दोन आठवडे ओली राही आणि आपल्यासारख्या त्वचेवर नंतर काळे किंवा पांढरे पट्टे उरत. २००४ मध्ये अँडरसन यांचाच सहभाग असलेल्या एका गटाने त्यावर फ्रॅक्शनल पद्धतीचा तोडगा मांडला. सगळे शेत पाण्याने भरण्याऐवजी ठिबकने ठरावीक अंतरावर थेंब सोडावेत, तसे या पद्धतीत केसाएवढे बारीक खड्डे पाडतात आणि मधली कातडी शाबूत ठेवतात. ती शाबूत कातडीच शेजारचा खड्डा दिवसा-दोन दिवसांत वरून बुजवते, आणि आतला कोलॅजनचा भराव पुढचे तीन ते सहा महिने चालू राहतो. म्हणूनच आठव्या दिवशी आरशात पाहून निकाल लावू नये.

तुमच्या गालांवरच्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघांना याचा चांगला उपयोग होईल; रेघा निम्म्याने कमी झाल्या तर तो चांगला परिणाम समजा. मानेबाबत मी हात आखडता घेते. मानेच्या कातडीत जखम भरून आणणाऱ्या केसांच्या आणि तेलाच्या ग्रंथी चेहऱ्यापेक्षा फार कमी असतात, त्यामुळे तेथे जोर जास्त झाला तर व्रण राहतो. मानेसाठी १५५० नॅनोमीटरचे, वरचा थर न उडवणारे सौम्य लेझर अधिक बैठका घेऊन वापरणे शहाणपणाचे ठरते. दाढीच्या भागावर कोणी आयपीएल सुचवले तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : केसांच्या मुळाशीही मेलॅनिन असते, आणि नको असलेले केस काढायला हेच यंत्र वापरतात. दाढी ठिपक्याठिपक्यांनी विरळ झालेली पाहून अवाक झालेले दोन रुग्ण माझ्याकडे आले होते.

उपचाराची वेळ मात्र पंचांगाने नव्हे, बागेने ठरवावी लागेल. गोडी छाटणीनंतर तुम्ही काढणीपर्यंत बागेतून हलणार नाही, आणि एप्रिलची खरड छाटणी भर उन्हात असते. लेझरनंतर निदान चार आठवडे कातडीला ऊन लागता कामा नये, आणि पहिला आठवडा धूळ व फवारणीपासून दूर राहावे लागते. त्यामुळे आषाढ-श्रावणाचे दिवस तुम्हाला सोयीचे. तोवर रुंद काठाची टोपी, मानेवर उपरणे आणि ५० एसपीएफचे घामाने न उतरणारे सनस्क्रीन यांची सवय लावा; ती लागली नाही तर लेझरवर पैसे घालू नका, कारण पुढच्या दोन हंगामांत मान पुन्हा होती तशीच होईल. पूर्वी तापानंतर ओठांवर फोड येत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. लेझरनंतर तोच विषाणू चेहराभर पसरू शकतो आणि त्यासाठी आधीपासून गोळ्या द्याव्या लागतात.

आणखी एक, आणि हे लेझरच्या आधीचे आहे. चेहऱ्यावर किंवा कानावर महिना-दीड महिना न भरणारी जखम, अधूनमधून रक्त येणारी खपली, अथवा चकचकीत कडेची काळी गाठ असेल तर तिचा तुकडा काढून तपासणी झाल्याशिवाय कोणालाही त्यावर प्रकाश मारू देऊ नका. कर्करोगाची गाठ वरून जाळली की डाग गेल्यासारखा दिसतो आणि रोगाचे निदान वर्षभर लांबते.

प्रश्न : सुनेने वाढदिवसाला लाल-निळ्या दिव्यांचा मुखवटा भेट दिला आहे. रोज वीस मिनिटे घालून बसते. वय ६३, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. काही अपाय तर होणार नाही ना?
— एक आजी, सिडको, नाशिक

उत्तर : आजी, लाल दिवा ठेवा, निळा बंद करा.

या मुखवट्यांतील एलईडी दिवे काहीही भाजत नाहीत, त्यांची जातकुळीच वेगळी आहे. हंगेरीतील एन्ड्रे मेस्टर यांना १९६७ च्या सुमारास लेझरचा सौम्य प्रकाश टाकलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवताना दिसले, तेथून या शाखेची सुरुवात होते. साधारण ६३० नॅनोमीटरचा लाल आणि ८३० चा अदृश्य अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला चेतवतो आणि त्यामुळे कोलॅजन थोडे वाढते, असे मानले जाते. दवाखान्यातील मोठ्या पॅनेलने बारीक सुरकुत्यांवर दिसणारा फरक बेताचा असतो, घरगुती मुखवट्याने त्याहून बेताचा. तीन महिने, आठवड्यातून तीन-चार वेळा वापरून पाहा. रोज घालून फायदा दुप्पट होत नाही. निळा प्रकाश मुरुमांच्या जंतूंसाठी असतो. तुम्हाला मुरुमे नाहीत, आणि सावळ्या त्वचेत निळा प्रकाश काळे डाग वाढवू शकतो.

डोळे मिटून, मुखवट्यासोबत आलेल्या डोळ्यांच्या वाट्या लावूनच बसा आणि एकदा नेत्रतज्ज्ञांना विचारून घ्या. एका मोठ्या कंपनीने २०१९ मध्ये असा मुखवटा डोळ्यांच्या काळजीपोटी बाजारातून परत घेतला होता. काही नेत्रविकार असलेल्या आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्या लोकांबाबत ती शंका होती. ल्युपसचा आजार असेल, अपस्माराचे झटके येत असतील किंवा अशा गोळ्या चालू असतील, तर मुखवटा सुनेला प्रेमाने परत करा.

प्रश्न : ३४ वर्षांची आहे. वर्षभर दर पंधरा दिवसांनी ‘कार्बन पील’ करून घेते. त्या दिवशी चेहरा मस्त चमकतो. आता गालांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरट ठिपके दिसू लागले आहेत. कॅल्शियम कमी झाले असेल का?
— एक वाचिका, पाथर्डी फाटा

उत्तर : कॅल्शियमचा याच्याशी काही संबंध नाही. कार्बन पीलमध्ये चेहऱ्याला कोळशाचे द्रावण फासून त्यावर १०६४ नॅनोमीटरचे लेझर मारतात. कोळसा उडताना वरची मृत कातडी घेऊन जातो, म्हणून चार-आठ दिवस चमक दिसते. हेच लेझर सौम्य ताकदीने पुन्हा पुन्हा मारत राहिले की रंग तयार करणाऱ्या पेशी ठिकठिकाणी थकतात आणि असे फिकट ठिपके उरतात. लेझर आजच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कोड किंवा शिबे नाही याची त्यांना खात्री करून घ्यावी लागेल. ठिपके भरतात, पण फार सावकाश, आणि काही वेळा कायमचे राहतात. दर पंधरा दिवसांनी हा उपचार घेण्याला वैद्यकीय आधार नाही. ती सोय दुकानाच्या हप्त्याची आहे.

प्रश्न : लेझर कोणाकडून करून घ्यावे हे सामान्य माणसाने कसे ओळखायचे? प्रत्येक गल्लीत ‘स्किन क्लिनिक’ची पाटी दिसते.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्या ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून निघतात, ते आपल्या म्हसरूळला आहे, आणि तरीही पाटीवरची पदवी वाचण्याची सवय नाशिककरांना नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. त्वचारोगातील एमडी, डीएनबी किंवा पदविका आहे का ते पाहा, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. सहा आठवड्यांच्या ‘कॉस्मेटॉलॉजी’च्या प्रमाणपत्राने कोणी त्वचारोगतज्ज्ञ होत नाही.

पुढचे प्रश्न यंत्राविषयी नव्हे, कामाविषयी विचारावेत. लेझर प्रत्यक्ष कोण चालवणार, डॉक्टर की मदतनीस, आणि मदतनीस असेल तर डॉक्टर त्या वेळी इमारतीत असणार का? यंत्र कितीही महाग असो, भाजणे किंवा न भाजणे हे ताकदीचा आकडा लावणाऱ्यावर अवलंबून असते. माझ्या रंगाच्या रुग्णांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवता का, असे अवश्य विचारा. भिंतीवरच्या परदेशी गोऱ्या चेहऱ्यांवरून आपल्याला काहीही कळत नाही. आधीच भरायच्या दहा बैठकांच्या सवलतीला बळी पडू नका, कारण तिसऱ्या बैठकीला त्वचा बिघडली तरी उरलेल्या सात बैठकांचे पैसे माणसाला पुन्हा त्याच खुर्चीत बसवतात. हा खर्च आरोग्यविम्यातून सहसा मिळत नाही, हेही धरून चाला. आणि कानाच्या पुढे किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागेवर चाचणी घेऊन दोन ते चार आठवडे थांबण्याचा आग्रह धरा. सावळ्या त्वचेवरचे डाग दुसऱ्या दिवशी नव्हे, तिसऱ्या आठवड्यात दिसतात. ज्या ठिकाणी चाचणीची गरज नाही, आमचे यंत्र सर्व रंगांना चालते, असे उत्तर मिळेल, तेथून चहा न घेता निघावे.

प्रश्न : वय ४१. मान, काखा आणि आता कपाळाच्या कडा काळ्या आणि मखमलीसारख्या जाड झाल्या आहेत. घासून जात नाहीत. पार्लरमध्ये वय झाल्याचे सांगून लेझर सुचवले. किती बैठका लागतील?
— एक वाचिका, सातपूर

उत्तर : एकही नाही. हे वय नसून शरीरातील इन्शुलिनचे काम बिघडल्याची खूण असण्याची शक्यता फार मोठी आहे. या आठवड्यात उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइड तपासून घ्या, वजन करून घ्या, आणि अहवाल घेऊन आधी फिजिशियनकडे जा. मान घासणे बंद करा. घासण्याने ती आणखी काळी होते.